दोन चमचे, वाताला

या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंच्या दोन्ही बाळंतपणांना मी होते. पोट बांधताना त्या कशा किंचाळायच्या ते मला आठवतं, आणि मला ते आठवतं हे त्यांनाही ठाऊक आहे. त्यामुळे "आजी, तुमच्या कामाबद्दल लिहा, काहीही लिहा, आम्ही एक ओळ कापणार नाही," असं त्या म्हणाल्या तेव्हा मला हसूच आलं. कापून बघा म्हणावं.

मी मालिशवाली. बाळ डॉक्टर बाहेर काढतात आणि घरी जातात, पुढचा सव्वा महिना बाई परत उभी करण्याचं काम आमचं. मी विक्रोळीला राहते आणि चाळीसेक वर्षं घाटकोपर, भांडुप, मुलुंड आणि कोणी फारच गळ घातली तर अंधेरी-बोरिवलीपर्यंत पिशवी घेऊन हिंडले. आता गुडघे ऐकत नाहीत म्हणून बंद केलं.

काम असं असतं. आधी बाळ, मग आई. आपण पाटावर बसून पाय लांब पसरायचे, त्या दोन पायांच्या मधल्या घळीत बाळ पालथं घालायचं, तेल, मग बेसन आणि साय, मग तांब्यानं सोसेल असं पाणी. बाळ झोपलं की आई. कंबर, पाठ, पोटऱ्या तिळाच्या तेलानं रगडायच्या, कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं आणि जुन्या नऊवारीच्या पट्ट्यानं पोट आवळून बांधायचं. मग शेक. बाहेरच्यांना वाटतं हे हाताचं काम आहे. अर्धं काम कानाचं असतं, कारण पाठ मोकळी झाली की बाई बोलायला लागते.

"पालथी पडलेली बाई खोटं बोलत नाही," असं मी तरुणपणी सगळ्यांना सांगत फिरायचे. फार लाडकं वाक्य होतं ते माझं. साफ चुकीचं आहे. पालथी पडलेली बाई उत्तम खोटं बोलते, तिचा चेहरा कुठे दिसत असतो? पण तेव्हाची मी म्हणजे अर्धी डॉक्टरच. पावडर लावून, गजरा माळून तेल चोळायला जायचे. आज ती मला भेटली तर मीच तिचं पोट जरा आवळून बांधीन.

हा धंदा मला सासूबाईंनी शिकवला. त्या मालवणच्या. त्यांच्याकडे बाळंतिणीला रोज ब्रँडी द्यायची रीत होती, दोन चमचे, कोमट पाण्यातून, वात होऊ नये म्हणून. डॉक्टर तेव्हाही नको म्हणायचे आणि आता तर ओरडतातच. खरं त्यांचंच आहे, आईच्या पोटात गेलेलं दुधात उतरतं. पण घरोघरी द्यायचे, आणि आम्हीही देत होतो. सासूबाईंचा मात्र एक कडक नियम होता. "चमचो तुझ्या हातात, बाटली तुझ्या पिशयेत. बाळंतिणीच्या घरात बाटली ठेवची नाय गो." रोज बाटली घेऊन जायची, रोज परत आणायची. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला वाटलं, म्हातारीला आपली बाटली कोणी संपवेल याची भीती.

घाटकोपरला एक शैलावहिनी होत्या. मी सव्वीस वर्षांची आणि त्या माझ्याच बरोबरीच्या. पहिला मुलगा झालेला, घरात सासू, नणंद, दीर, सगळा गोतावळा. त्या पालथ्या पडल्या की म्हणायच्या, "आज एक चमचा जास्त घाल ना गं." मी घालायचे. सव्वा महिना झाला तरी त्यांनी मला सोडलं नाही, मला वाटायचं, मी यांची लाडकी झाले. दोनाचे चार, चाराचे सहा झाले. मग एक दिवस त्यांच्या तोंडाला मी चमचा देण्याआधीच वास आला, म्हणजे दुसरी बाटली कुठूनतरी आली होती.

आणि तेव्हाच्या माझ्या शहाणपणाची कमाल बघा. मी सासूबाईंना सांगितलं नाही, शैलावहिनींशी बोलले नाही. पुढच्या घरी पाठ रगडता रगडता गंमत म्हणून सांगितलं, घाटकोपरला एक वहिनी आहेत, त्यांना वात फारच होतो. ती बाई हसली, मला अजून चेव आला, मी नक्कल करून दाखवली. आठवड्याभरात ती गंमत फिरून शैलावहिनींच्या सासूपर्यंत पोचली. नणंद चार महिन्यांचं बाळ उचलून गावी, देवरुखला घेऊन गेली. मला दुसऱ्या दिवशीपासून बोलावणं बंद झालं.

पुढे बऱ्याच दिवसांनी शैलावहिनी भाजीबाजारात दिसल्या. मी वळून पळणार होते, पण त्यांनी हाक मारली. शिव्या देतील वाटलं. त्यांनी विचारलं, "आमचा बाबू बसायला लागला का गं? तुला सगळ्या घरांतलं कळतं ना."

त्या दिवसापासून मी कामावर मुकी झाले. एका घरातलं दुसऱ्या घरी नेलं नाही. लोक म्हणायचे, बाई किती विश्वासाची. विश्वास कसला, घाबरलेली होते.

मग मोबाईल आले आणि कामात मजा आली. अंधेरीला एका घरी बाळंतिणीची अमेरिकेतली आई रोज व्हिडिओवर हजर असायची आणि तिकडून मला सांगायची, "जरा डावीकडून रगडा, मला दिसत नाही." भांडुपच्या एका मुलीचं आंघोळीचं रील नीट आलं नाही म्हणून तिनं परत करायला लावलं. बाळाला दोनदा कुठे भिजवू? मी दुसऱ्यांदा रिकामा तांब्या ओतला. बाळ त्या रिकाम्या तांब्यालाही रडलं, कलाकारच तो.

आणि मला हे आवडायचं. साठी उलटलेली बाई, पण मोबाईल उभा केला की मी पदर सारखा करायचे. माझी सून स्मिता म्हणायची, "आई, तेल चोळायला जाताय की लग्नाला?"

आता केतकीचं सांगते. नाव बदललंय. लिहिलेलं सगळं तिला वाचून दाखवलंय आणि एका जागी तिनं मला थांबवलं, ते पुढे येईल.

मुलुंडला चौदाव्या मजल्यावर घर. केतकी, तिचा नवरा सौरभ आणि नुकतीच झालेली मुलगी अन्वी. केतकीला आई नाही, ती कॉलेजात असतानाच गेली. सासू नाशिकहून आल्या, पंधरा दिवस राहिल्या आणि परत गेल्या. सौरभचं ऑफिस अंधेरीला, सकाळी साडेआठला बाहेर पडला की येईपर्यंत आठ-नऊ. दिवसभर ती, ते बाळ आणि खाली मुंग्यांएवढ्या गाड्या. मी दोन तास जायचे तेवढंच माणूस. मी निघाले की म्हणायची, "आजी, चहा घेऊन जा ना." चहा झालेला असायचा.

ब्रँडी मीच सौरभला आणायला सांगितली. डॉक्टरीणबाईंनी नको म्हटलं होतं, मी त्यांच्यासमोर मान डोलावली आणि घरी येऊन सासूबाईंची गादी चालवली. पहिले दोन दिवस नियमाप्रमाणे बाटली पिशवीतून घरी नेली. तिसऱ्या दिवशी गेटवर सिक्युरिटीनं पिशवी उघडायला लावली. त्या सोसायटीत कामाला येणाऱ्या बायकांच्या पिशव्या जाताना बघतात, आणि आतून काही न्यायचं तर घरमालकाची चिठ्ठी लागते. त्यानं तेलाची बाटली काढली, नऊवारीचा पट्टा काढला आणि मग ब्रँडी काढून वर धरली. मागे सात-आठ कामवाल्या रांगेत उभ्या. "आजी, पार्टी है क्या?" आणि सगळ्या हसल्या.

मी कोणाचं ऐकून घेणारी नव्हे, पण त्या दिवशी खाली बघून पट्ट्याची घडी घालत राहिले. तो म्हणाला, चिठ्ठी आणा. मी वर गेले, बाटली केतकीच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर ठेवली आणि म्हटलं, "इथेच राहू दे, रोज कुठे ओझं वाहू." चाळीस वर्षं पाळलेला नियम मी सात-आठ बायका हसल्या म्हणून मोडला.

पुढच्याच आठवड्यात केतकीनं रील केलं. मी एका हातात ती बाटली, दुसऱ्या हातात चमचा घेऊन कॅमेऱ्यात बघून म्हणते, "दोन चमचे, वाताला!" आणि डोळा मारते. डोळा मारायचं मला कोणी सांगितलं नव्हतं, ती माझी स्वतःची भर. ते इतकं चाललं की माझ्या नातीच्या शाळेतल्या बाईंनी तिला विचारलं, ही तुझी आजी का? खाली बायकांनी लिहिलं होतं, आमच्याकडे दोन ग्लास, आमच्याकडे दोन बाटल्या, आणि हसणारे चेहरे. स्मिता वाचून दाखवायची आणि मी पुन्हा वाच म्हणायचे.

नंतर मला केतकीनंच सांगितलं, तिनं त्याआधी एक साधा व्हिडिओ टाकला होता. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, मी आठवडाभर झोपलेली नाही आणि मला बाळाची भीती वाटते, एवढंच त्यात. तो फारसा कोणी बघितला नाही. दोघीतिघींनी लिहिलं, आई होणं हे भाग्य असतं, तक्रार कसली करतेस? चमच्याच्या व्हिडिओला मात्र बायका धो धो आल्या आणि म्हणाल्या, आमचंही असंच. मग पोरगी काय शिकणार? दमले म्हटलं तर उपदेश मिळतो आणि दमून पिते म्हटलं तर मैत्रिणी मिळतात.

सव्वा महिना झाला, माझी ओटी भरली, पण तिनं मला आठवड्यातून दोन दिवस चालू ठेवलं. त्यात त्या बायकांचा ग्रुप झाला. रोज संध्याकाळी साडेसहाला सगळ्या लाईव्ह यायच्या आणि आपापला मग वर करायच्या. केतकीच्या मगावर छापलं होतं, 'आईचं टॉनिक'. पुष्कळजणींच्या मगात चहाच असायचा, काहींच्यात नसायचा. बाहेरून कोण ओळखणार? सगळ्या मिळून हसायच्या, सासवांची टिंगल करायच्या, एकमेकींना राणी म्हणायच्या. वाईट बायका नव्हत्या हो. प्रत्येकीच्या मागे एक बंद दार आणि एक रडणारं मूल होतं. मीसुद्धा दोनदा तिथे बसून मग उंचावला. माझ्यात ताक.

मला कळलं ते काढ्यावरून. बाळंतकाढा माहीत असेल तुम्हाला, काळा, कडू, वास असा की मांजर घर सोडून जाईल. आम्हाला तो आईच्या मागे लागून, नाक दाबून पाजावा लागतो, आणि महिना झाला की आई पहिली ती बाटली फेकते. केतकीच्या ओट्यावर अन्वी पाच महिन्यांची झाली तरी काढ्याची बाटली. आणि ती कधीच संपत नव्हती. मालिश अर्धी झाली की केतकी म्हणायची, "आजी, थांबा हं, काढा घेऊन येते," आणि तोंड वाकडं न करता परत यायची.

माझ्या उभ्या जन्मात काढा मागून घेणारी आई मी बघितलेली नाही. ती न्हाणीत गेल्यावर मी बूच काढून हुंगलं. काढा नव्हताच.

मग बाकीचं दिसायला लागलं. दूध आटलं म्हणून चौथ्या महिन्यात अंगावरचं बंद केलेलं. मांडीवर निळे डाग, विचारलं की म्हणायची पलंग लागला. सकाळी बोटं थरथरायची. मला सगळं दिसत होतं आणि मी गप्प होते. तोंड उघडलं की बाळ देवरुखला जातं, हे माझ्या अंगात भिनलेलं. महिना-दीड महिना मी तिची पाठ रगडत राहिले आणि हवापाण्याच्या गप्पा मारत राहिले. तिला वाटायचं आजींना कळत नाही. मला वाटायचं, मी तिला सांभाळून घेतेय.

अन्वी सात महिन्यांची असताना एका सकाळी अकराला मी पोचले. दार केतकीनं उघडलं ते भिंतीला हात लावून. गाऊन उलटा घातलेला, पण ओठांना लिपस्टिक. न्हाणीत मोबाईल स्टँडवर उभा, पाट मांडलेला, बादली भरलेली.

"आजी, आज मी घालणार आंघोळ. लाईव्ह आहे, ऑलरेडी चालू केलंय. तुम्ही फक्त बाजूला बसून सांगा, असं धर, तसं धर."

मी बादलीत बोट घातलं आणि काढलं. विसणाचं गार पाणी घातलंच नव्हतं, कढत होतं. आणि ती पाटावर बसून पाय पसरत होती, अन्वी काखेत अशी लोंबत होती, जसा ओला टॉवेल धरावा.

मी आधी बाळ घ्यायला गेले. केतकी सोडेना. ओढाओढ करायची नव्हती, म्हणून मी नुसता हात तिच्या दंडाखालून घालून बाळाचं वजन माझ्यावर घेतलं, तेव्हा तिच्या बोटांनी आपोआप सोडलं. मग उरला मोबाईल. मला तो बंद करता येत नाही, माझ्या नातीचा वेगळा आहे. मी पाटाजवळच्या तेलाच्या वाटीत डावा पंजा बुडवून सरळ त्याच्या तोंडावर दाबला आणि फिरवला. काचेवर पिवळा थर. झालं बंद, म्हटलं.

"नको केतकी. आज बाळ माझ्या पायावर."

"का? मी आई आहे तिची."

"आहेसच. पण तू प्यायलीयेस."

तिनं नाही म्हटलं, मग काढा घेतला म्हटलं. मी म्हटलं, मी दीड महिन्यापूर्वी हुंगलाय तो काढा. मग ती जे बोलली ते मी तसंच लिहिते.

"दीड महिना? आणि तुम्ही माझ्या घरी येऊन चहा पीत होतात? पहिली कोणी पाजली मला, आजी? बाटली कोणी ठेवली वर? डोळा कोणी मारला?"

इथेच तिनं मला वाचताना थांबवलं. म्हणाली, "आजी, हे काढा. पहिली तुम्ही नाही पाजली. ऑफिसात असताना दर शुक्रवारी प्यायचेच मी, आणि मला ती आवडायची. तुम्ही नसता तरी झालं असतं." असेल. पण मी ते काढणार नाही, कारण तेव्हा मी "हो" म्हणाले होते. बाळ पोटाशी धरून, न्हाणीच्या ओल्या फरशीवर बसून मी म्हणाले, "हो, मी ठेवली बाटली. खाली बायका हसल्या म्हणून ठेवली."

मग ती रडायला लागली आणि सगळं बोलली. दुपारी झोपलेल्या अन्वीशेजारी कशी झोपते आणि मूल रडलं तर आपल्याला ऐकू येणार नाही याची कशी भीती वाटते. एकदा खरंच ऐकू आलं नव्हतं, तेही सांगितलं. "सौरभला सांगू नका. तो अन्वीला नाशिकला नेईल. आजी, मला दुसरं काही नाहीये." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, केसांना तेल लागलं.

थोड्या वेळानं तिनं गाऊनच्या टोकानं मोबाईल पुसला. 

"आजी. हे चालू होतं."

"मी हात ठेवला होता ना त्याच्यावर."

"डोळ्यावर ठेवलात. कान उघडा होता."

शैलावहिनींची गोष्ट मी एका घरात सांगितली होती. केतकीची सगळ्या ग्रुपला ऐकवली, आणि ग्रुपबाहेरच्या कोणाकोणाला ते देव जाणे.  केतकी मात्र हसायला लागली, ते हसू आठवलं की अजून अंगावर काटा येतो. मग हसता हसता तिनं तो बंद केला आणि पहिलं काय केलं, तर ज्या डॉक्टरीणबाईंनी बाळंतपण केलं त्यांना फोन लावला. मी सांगितलं नव्हतं तिला. म्हणाली, "आता काय लपवायचंय?" बाईंनी दुपारी तीनला बोलावलं आणि एक गोष्ट बजावली, तीही लिहून ठेवते. इतके महिने रोज घेणाऱ्यानं आपल्या मनानं एका दिवसात बंद करायची नसते, जिवाला धोका असतो. डॉक्टरांना विचारूनच.

ते लाईव्ह ऐकूनच सौरभ ऑफिसातून एक वाजता आला. वाटेत त्याचे फोनवर फोन येत होते, तिनं एकही घेतला नाही. मी दिवाणखान्यात पाय पसरून बसले होते, अन्वी माझ्या पायांवर झोपलेली. तो दारातच म्हणाला, "आजी, ती कुठेय?" मला वाटलं बाळाबद्दल विचारतोय. तो केतकीला शोधत होता.

ती आतून आली.  तो खाली जमिनीवर बसला आणि म्हणाला, "मी रोज बघायचो गं तुमचा साडेसहाचा प्रोग्रॅम. ऑफिसातून निघताना. वाटायचं, बरी आहे, हसतेय. प्रत्येक व्हिडिओला हार्ट दिलंय मी."

तेवढ्यात नाशिकहून फोन आला. सौरभच्या कुणा भाचीनं ऐकून तिच्या आजीला, म्हणजे केतकीच्या सासूला कळवलं होतं. त्या सासूबाईंचा आवाज मोठा, फोन कानाला असूनही मला ऐकू येत होता. मुलीला घेऊन आजच्या आज निघ. ती बाई शुद्धीवर आली की बघू. केतकी अन्वीकडे बघत उभी होती. माझ्याकडे सव्वीसाव्या वर्षापासून पोटात ठेवलेली एक गोष्ट होती. मी सौरभला खुणेनं थांब म्हटलं आणि शैलावहिनींचं सांगितलं. बाळ देवरुखला गेलं तेव्हा घरातल्या सगळ्यांना वाटलं, झालं, मिटलं. बाळ गेल्यावर शैलावहिनी दिवसाढवळ्याही प्यायला लागल्या, कारण उठून आंघोळ कोणाला घालायची? आणि भाजीबाजारात त्यांनी मला काय विचारलं, तेही सांगितलं. मी त्यांची नक्कल एकदा केली होती, तेव्हा सगळे हसले होते. या वेळी फक्त त्यांचं वाक्य सांगितलं.

सौरभनं फोन परत कानाला लावला. "आई, अन्वी इथेच राहील. तू ये. दोघींसाठी ये, एकीसाठी येणार असशील तर नको येऊस." सासूबाईंनी फोन आपटला. चार दिवसांनी आल्या. तोंड फुगवून आल्या, पण डिंकाचे लाडू घेऊन आल्या, सात महिन्यांच्या बाळंतिणीला.

मग मी पुन्हा सव्वा महिना धरला, रोज जायचं, पहिल्यासारखं. दुसऱ्या दिवसापासून केतकी दहा दिवस दवाखान्यात होती, ते दिवस मी नुसतं बाळाचं केलं. ती घरी आल्यावर पुन्हा तेल, पुन्हा कढत पाणी. पोट बांधायची गरज नव्हती, तरी तिनं बांधून घेतलं. त्या ग्रुपातल्या बऱ्याचजणी बाहेर पडल्या, दोघीतिघींनी वाट्टेल ते लिहिलं, आणि कोणीतरी आमच्या बोलण्याला हसण्याचे आवाज लावून ते पुढे पाठवलं. पण बोरिवलीच्या एका बाईचा केतकीला फोन आला. ती रोज साडेसहाला सगळ्यात मोठ्यानं हसायची. फोनवर म्हणाली, "माझ्याही मगात चहा नसतो." आता दर शनिवारी दोघी घाटकोपरला एका हॉलमध्ये जातात, तिथे अशाच बायका बसतात आणि बोलतात. बाहेर चपला काढतात आणि मोबाईल एका टोपलीत ठेवतात.

गोड शेवट मी लिहिणार नाही. मध्ये एकदा केतकी घसरली, पुन्हा प्यायली, दिवाळीच्याच दिवसांत. स्वतः फोन करून सांगितलं तिनं, सौरभला आणि मला. त्याला आता वर्ष होऊन गेलं. अन्वी धावते, आणि मला आजी न म्हणता 'तेल' म्हणते. माझा डोळा मारलेला व्हिडिओ केतकीनं काढून टाकला, पण लोकांकडे आहेच. परवा बाजारात एक लेकुरवाळी मुलगी खिदळत म्हणाली, "आजी, दोन चमचे!" मी तिला बाजूला घेऊन दहा मिनिटं उभी केली. ती कंटाळली. कंटाळू दे.

एक राहिलं. त्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांकडून परत आलो आणि मी निघाले, तेव्हा वरच्या फळीवरची बाटली काढली. नवीनच होती, अर्धी भरलेली, माझी केव्हाच संपली होती. काढ्याचीही घेतली. सौरभ म्हणाला, मी ओतून टाकतो. मी नको म्हटलं. तो चिठ्ठी लिहून देऊ लागला, तीही नको म्हटलं.

गेटवर तोच सिक्युरिटी, मागे त्याच बायका. त्यानं पिशवीत हात घातला, बाटली वर काढली, आणि मागून कोणीतरी म्हणालं, दोन चमचे! त्यानं विचारलं, "किसकी है?"

मी मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "माझी आहे. लिहून घे."

माझ्या सासूबाईंचा नियम मी शेवटी पाळला, सात महिने उशिरा. त्यानं वही पुढे ओढली, माझं नाव लिहिलं, ब्रँडी एक लिहिलं, आणि वेळेच्या रकान्यात घड्याळ बघून लिहिलं, साडेसहा.